नाव एक, नावा अनेक

इ. स. १२२९ च्या सप्टेंबर महिन्यात आरागॉनचा राजा जाउमे पहिला हा मायोर्का बेट जिंकण्यासाठी आरमार घेऊन निघाला. स्पेनच्या ईशान्य किनाऱ्यावर, कॅटलोनिया प्रांतात सालोउ नावाचे बंदर आहे. तेथून हे आरमार सुटले. राजाने आपल्या आत्मवृत्तात त्याची मोजदाद दिली आहे. पूर्ण बांधणीच्या २५ 'नाउ', १८ 'तारिदा', १२ 'गलेआ', आणि 'बुसा' व 'गालिओत' मिळून १००. पुढच्याच वाक्यात तो सांगतो की, लहानसहान होड्या वगळता मुख्य अशी १५० 'ल्येन्य' झाली. आपण बेरीज केली तर ती १५५ येते. शेवटी राजाने ठोकळ आकडा दिला, हे उघड आहे.

हे आत्मवृत्त कॅटलान भाषेत आहे. कॅटलान ही स्पॅनिशची बोली नव्हे. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन यांच्याप्रमाणे तीही लॅटिनपासून निघालेली स्वतंत्र भाषा आहे. तेराव्यापासून पंधराव्या शतकापर्यंत कॅटलान खलाशी आणि व्यापारी सिसिलीपासून अलेक्झांड्रियापर्यंत वावरत होते. त्यांच्या बखरी, करारपत्रे, हिशेबाच्या वह्या आणि समुद्रावरचे कायदे मोठ्या संख्येने शिल्लक आहेत. या साहित्यातील महत्त्वाचे ग्रंथ इंग्रजीत आणण्याचे काम गेली सुमारे दीडशे वर्षे चालू आहे. या कामात अडते ते व्याकरणापाशी नव्हे, तर जहाजांच्या नावांपाशी.

वरचे वाक्यच घ्या. 'दीडशे जहाजे निघाली' असे भाषांतर केले तर चूक कोणतीच होत नाही; पण माहिती जवळजवळ सगळी गळून पडते. वारा पडला तर यांतली किती जहाजे जागच्या जागी उभी राहतील आणि किती वल्ह्यांवर पुढे जातील? घोडे कशातून नेले? उथळ किनाऱ्याला कोण लागू शकेल? ही सर्व उत्तरे 'नाउ', 'तारिदा', 'गलेआ' या शब्दांतच दडलेली आहेत.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. भाषांतर हा आमचा व्यवसाय नव्हे. तरीही हा प्रश्न आम्हाला आपला वाटतो. एखादा शब्द आणि त्याच्यामागची वस्तू यांची सांगड पुराव्याने कशी घालायची, हा प्रश्न विज्ञानात आणि विज्ञानाच्या वर्गातही पदोपदी येतो.

खरे नाते आणि दिसणारे नाते

'नाउ' हा शब्द मराठी कानाला परका वाटत नाही, आणि तो परका नाहीही. संस्कृत 'नौ', मराठी 'नाव', ग्रीक 'नाउस', लॅटिन 'नाविस' आणि कॅटलान 'नाउ' हे एकाच मुळापासून आलेले शब्द आहेत. इंग्रजीने बोटीसाठी 'शिप' हा वेगळा शब्द ठेवला. पण 'नेव्ही', 'ॲस्ट्रोनॉट' आणि बोट लागल्यावर होणारा 'नॉशिया' यांत ते जुने मूळ टिकून आहे.

आता 'तारिदा' पाहा. आपल्याकडे संस्कृतात 'तरी' म्हणजे होडी, मराठीत 'तारू' म्हणजे जहाज. मग हेही नाते असणार, असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. 'तारिदा' हा शब्द अरबीतून भूमध्य समुद्रात आला. आपला 'तरी' हा शब्द 'तरणे' या अर्थाच्या धातूपासून झाला. हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे.

'नाउ' आणि 'नाव' यांचे नाते मान्य करायचे आणि 'तारिदा' आणि 'तरी' यांचे नाकारायचे, हा पक्षपात नव्हे काय? नव्हे. पहिल्या जोडीच्या मागे लॅटिन, ग्रीक, संस्कृत यांच्यातील शेकडो शब्दांना लागू पडणारे ध्वनिबदलाचे नियम आहेत. दुसऱ्या जोडीच्या मागे कानाला जाणवणारे साम्य एवढेच आहे. देवमासा आणि मासा सारखे दिसतात म्हणून त्यांना एका वर्गात घालायचे नाही, हे आपण मुलांना शिकवतो. शब्दांनाही तोच न्याय लावला पाहिजे.

शब्दकोश कोठे फसवतो

आजचा कॅटलान-इंग्रजी शब्दकोश उघडून 'कोका' शब्द पाहिला तर अर्थ मिळतो एक प्रकारचा चपटा केक. कॅटलोनियात सणासुदीला तो घरोघरी केला जातो. चौदाव्या शतकातील बंदराच्या कागदपत्रांत मात्र 'कोका' म्हणजे मोठे मालवाहू जहाज.

'उशेर' या शब्दाची गंमत याहून जास्त. आज याचा अर्थ न्यायालयातला किंवा सभागृहातला दारावरचा शिपाई. इंग्रजी 'अशर' हा शब्दही त्याच मुळाचा. पण मध्ययुगात 'उशेर' हे घोडे नेणारे जहाज होते. दोन्हीकडे मूळ शब्द आहे लॅटिनमधला 'दार'. शिपाई दाराशी उभा राहतो म्हणून उशेर. आणि या जहाजाच्या अंगालाच घोडे आत घेण्यासाठी दार असे म्हणून तेही उशेर. फ्रान्सचा राजा नववा लुई इ. स. १२४८ मध्ये धर्मयुद्धावर निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर गेलेल्या ज्वँव्हील या सरदाराने अशा दाराचे वर्णन केले आहे. घोडे आत घेतल्यावर दार लावून त्याच्या फटी पिंपाच्या फटींप्रमाणे बुजवून टाकत, कारण भर समुद्रात हे दार पाण्याखाली जाई. एवढे कळले की शब्द कोड्यासारखा राहत नाही. जहाजाची रचनाच त्या नावात सांगितलेली आहे.

'ल्येन्य' हा तिसरा शब्द. त्याचे मूळ लॅटिनमधील 'लिग्नुम', म्हणजे लाकूड. राजाच्या मोजणीत तो सर्व जहाजांना मिळून वापरला आहे. नाउसुद्धा ल्येन्य आणि गलेआसुद्धा ल्येन्य. पण इतर कागदांत 'नाउ, गलेआ आणि ल्येन्य' अशी यादी येते. तेथे त्याचा अर्थ गलेआपेक्षा लहान असे एक विशिष्ट जहाज असा होतो. म्हणजे एकच शब्द कधी संपूर्ण वर्गाचे नाव असतो, तर कधी त्या वर्गातल्या एका जातीचे. मराठीत 'जनावर' म्हणजे प्राणी आणि 'जनावर निघाले' म्हटले की साप, तसेच हे. यादीतली जागा पाहिल्याखेरीज अर्थ ठरत नाही.

एका नावाची दोन जहाजे

सर्वांत मोठी अडचण काळाची. शब्द तोच राहतो आणि त्याखालची वस्तू बदलते.

जाउमे राजाच्या काळातील भूमध्य समुद्रावरची मोठी 'नाउ' डोळ्यांसमोर आणू या. तिला सहसा दोन डोलकाठ्या असत, दोन्हींवर त्रिकोणी शिडे. सुकाणू मागे मधोमध नसे. मागच्या भागाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला वल्ह्यासारखे एकेक मोठे सुकाणू लावलेले असे. आता पंधराव्या शतकातील 'नाउ' पाहा. मुख्य शीड चौकोनी झाले आहे. सुकाणू एकच, आणि ते मागच्या उभ्या सोटाला बिजागऱ्यांनी टांगलेले आहे. शब्दाचे एक अक्षरही बदललेले नाही.

मधल्या काळात काय घडले? फ्लॉरेन्सचा इतिहासकार जोव्हान्नी व्हिल्लानी याने इ. स. १३०४ च्या सुमाराची हकिकत नोंदवली आहे. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील बायोन गावचे लोक आपल्या 'कोका' जहाजांतून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात आले आणि त्यांनी चाचेगिरी केली. त्यानंतर जिनोव्हा, व्हेनिस आणि बार्सिलोना येथील लोकही तशी जहाजे वापरू लागले, कारण ती अधिक सुरक्षित होती आणि त्यांना खर्च कमी येई. चौकोनी शीड व मागचे एकच सुकाणू यांचा भूमध्य समुद्रातील प्रसार या जहाजांशी जोडला जातो.

मग 'कोका' याचे इंग्रजी भाषांतर 'कॉग' असे सरळ करावे काय? शब्द म्हणून दोन्ही एकच आहेत. पण उत्तर युरोपातील कॉग कसा असे, हे आपल्याला प्रत्यक्ष माहीत आहे. इ. स. १९६२ मध्ये जर्मनीत ब्रेमेनजवळ वेझर नदीच्या गाळात सुमारे १३८० सालचा एक कॉग सापडला. तो आज ब्रेमरहाफेनच्या संग्रहालयात आहे. त्याची लांबी सुमारे २३ मीटर, तळ सपाट, आणि बाजूच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. भूमध्य समुद्रातील सुतारांनी मात्र शीड आणि सुकाणू उचलले, पण फळ्या कडेला कड भिडवून बसवण्याची आपली पद्धत सोडली नाही. तेव्हा बार्सिलोनाच्या कोकाला 'कॉग' म्हटले की इंग्रज वाचकाच्या मनात ब्रेमेनचे जहाज उभे राहते, आणि ते चित्र चुकीचे असते.

मातारो या कॅटलान गावाजवळच्या एका देवळात नवसाची म्हणून टांगलेली जहाजाची एक लाकडी प्रतिकृती पंधराव्या शतकातील आहे. ती आता हॉलंडमधील रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. कॅटलान लोक तिला 'मातारोची कोका' म्हणतात, आणि 'मातारोची नाउ' असेही म्हणतात. इंग्रजी ग्रंथांत बहुधा 'मातारो शिप' एवढेच लिहिलेले आढळते. ही पळवाट वाटेल, पण ठामपणे चुकीचे सांगण्यापेक्षा मोघम सांगणे बरे, असा विचार त्यामागे आहे.

या सगळ्याला महत्त्व का द्यायचे? कारण तंत्रज्ञानाचा इतिहास अशाच शब्दांवर उभा असतो. १२२९ च्या 'नाउ'चे भाषांतर करताना कोणी पंधराव्या शतकातील जहाजाचे नाव वापरले, तर वाचक नकळत मागचे सुकाणू शंभर वर्षे आधीच बार्सिलोनात पोहोचवतो. एका शब्दामुळे शोधाच्या प्रसाराची तारीख बदलते.

जागा बदलणारे शीड

काळाबरोबर काही शब्द जहाजावरच चालत गेले आहेत. रोमन काळात 'आर्तेमोन' म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळचे लहान शीड. मध्ययुगातील भूमध्य समुद्रावर, कॅटलान 'आर्तिमो' धरून, हा शब्द सर्वांत मोठ्या शिडाला लागू लागला. आणि आजच्या फ्रेंचमध्ये 'आर्तिमों' म्हणजे अगदी मागची डोलकाठी.

बायबलमध्ये संत पौलाचे जहाज फुटल्याची हकिकत आहे. मूळ ग्रीकमध्ये तेथे 'आर्तेमोन' हाच शब्द आहे. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात त्याचे 'मुख्य शीड' झाले. १८८१ च्या सुधारित आवृत्तीत ते 'पुढचे शीड' केले गेले. मध्ययुगीन अर्थ मनात धरला तर पहिले भाषांतर चूक वाटत नाही. रोमन जहाजांची रचना ध्यानात घेतली तर दुसरे योग्य ठरते.

'मिझन' या इंग्रजी शब्दाचेही असेच. त्याच्या इटालियन मुळाचा अर्थ 'मधला'. इंग्रजीत आणि कॅटलानमध्ये ती मागची डोलकाठी झाली. फ्रेंचमध्ये त्याच शब्दाने पुढची डोलकाठी दाखवतात. म्हणजे तोच शब्द उच्चारून इंग्रज आणि फ्रेंच खलाशी जहाजाच्या विरुद्ध टोकांकडे बोट दाखवतील!

मापांचा घोळ

जहाज केवढे होते, हे सांगताना कॅटलान कागदांत मालाची मापे येतात. त्यांतील एक 'किंतार'. बार्सिलोनाचा किंतार १०४ पौंडांचा. पण तेथील पौंड सुमारे ४०० ग्रॅमचा असल्यामुळे किंतार ४१.६ किलोग्रॅम भरतो. आपल्या बाजार समितीतील क्विंटल १०० किलोग्रॅमचा. दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. म्हणून तर धोका जास्त. समजा, एखाद्या जहाजात ३००० किंतार माल होता. योग्य हिशेबाने तो सुमारे १२५ मेट्रिक टन होतो. किंतार म्हणजे क्विंटल असे धरले तर तोच ३०० टन होईल. जहाज जवळजवळ अडीच पट फुगले!

दुसरे माप 'बोता', म्हणजे पिंप. इंग्रजी 'टन' हा शब्दही मुळात मद्याच्या मोठ्या पिंपाचेच नाव. म्हणून '४०० बोतांचे जहाज' याचे '४०० टनी जहाज' असे भाषांतर करण्याचा मोह होतो. पण प्रत्येक बंदराचे पिंप वेगळे होते. व्हेनिसचा पिंप इतिहासकार सुमारे ०.६ टन धरतात. तेथील ४०० पिंपांचे जहाज २४० टनांच्या आसपास येते.

आपल्याला हे नवल वाटू नये. दशमान पद्धत येण्यापूर्वी मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅमचा होता, तर बंगालचा मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा. जुन्या कागदात नुसते 'मण' वाचून धान्याचा हिशेब करणारा माणूस तिपटीने चुकू शकतो.

पुरावा कोठून आणायचा

भाषांतरकाराजवळ पुराव्याचे तीन साठे आहेत, आणि तिन्ही अपुरे आहेत. कागदपत्रांत नावे आहेत, पण लाकूड नाही. चित्रांत आणि प्रतिकृतींत आकार आहे, पण चित्रकाराने तो किती अचूक काढला हे तपासावे लागते. समुद्रतळाशी किंवा गाळात सापडलेल्या सांगाड्यांत खरे लाकूड आहे, पण त्यावर नाव लिहिलेले नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकसाठी कास्तेल्यदेफेल्स येथे नौकास्पर्धांचा कालवा खोदताना १९९० मध्ये चौदाव्या शतकातील एक बोट सापडली. तिची लांबी जेमतेम दहा मीटर. त्या काळातील खलाशी तिला 'बार्का' म्हणत असतील की 'ल्येन्य'? बोट स्वतः सांगत नाही. कागदातील मापे, चित्रातील आकार आणि सांगाड्याची मोजमापे एकमेकांशी जुळली की मगच उत्तराला वजन येते. एखाद्या शब्दाचे भाषांतर हे असे गृहीतक असते, आणि नवा सांगाडा सापडला की ते पुन्हा तपासावे लागते.

कायद्याच्या ग्रंथांत तर भाषांतरावर पैशाची जबाबदारी ठरते. 'समुद्राची कोन्सुलात' म्हणून प्रसिद्ध असलेल्या कॅटलान सागरी कायद्यात असे कलम आहे की, जहाजात मांजर नसेल आणि उंदरांनी माल कुरतडला, तर 'सेन्योर दे ला नाउ' याने भरपाई करावी. शब्दशः अर्थ 'जहाजाचा धनी'. 'कॅप्टन' असे भाषांतर केले तर दोष एका पगारी अधिकाऱ्यावर गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात हा माणूस जहाजातील भागीदारांपैकी एक आणि सर्वांच्या वतीने व्यवहार पाहणारा असे. नुकसान कोणाच्या खिशातून जायचे, हे या एका शब्दावर अवलंबून आहे.

मग करावे काय?

भाषांतरकारापुढे तीन वाटा असतात. पहिली, 'शिप' किंवा 'व्हेसल' असा सामान्य शब्द वापरणे. दुसरी, जवळचे इंग्रजी जहाज शोधणे, उदा. कॉग किंवा गॅली. तिसरी, मूळ शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तेथे त्याचे थोडक्यात वर्णन देणे. आमच्या मते वाट प्रत्येक शब्दागणिक निवडावी. गलेआला 'गॅली' म्हणायला हरकत नाही. दोन्ही भाषांत ते लांबट, वल्ह्यांचे जहाज आहे. 'ल्येन्य' सर्वसमावेशक अर्थाने आला असेल तेथे 'व्हेसल' पुरतो. 'तारिदा' मात्र तसाच ठेवून 'घोडे वाहून नेणारे, वल्ह्यांचे जहाज' असे एकदा सांगावे. आणि 'नाउ' व 'कोका' यांच्याबरोबर शतक सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपल्या किनाऱ्यावरच्या शब्दांनीही इंग्रजीत असाच प्रवास केला आहे. आंग्ऱ्यांच्या आरमारातील 'गुराब' इंग्रजांनी 'ग्रॅब' केला आणि 'गलबत' झाले 'गॅलिव्हॅट'. 'ग्रॅब' वाचणाऱ्या इंग्रजाला 'हिसकावणे' आठवेल. पण मूळ अरबी शब्दाचा अर्थ आहे कावळा. मध्ययुगात भूमध्य समुद्रावरचे अरब हाच शब्द वल्ह्यांच्या गलेआला वापरत. आंग्ऱ्यांचा गुराब मात्र शिडांवर चालणारा. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म सांगतो की, तीन डोलकाठ्यांचे गुराब सुमारे ३०० टनांचे असत, आणि ७० टनांच्या आतल्या गलबतांना ४० ते ५० वल्ही असत. आज आपण कोणत्याही जुन्या बोटीला सरसकट गलबत म्हणतो. तेव्हा जुना मराठी कागद आजच्या मराठीत वाचताना आपणही भाषांतरच करत असतो.

शिक्षकांना वर्गात एक साधा उपक्रम घेता येईल. मुलांना घरातील वडीलधाऱ्यांकडून जुन्या वस्तूंची आणि मापांची दहा-दहा नावे आणायला सांगावीत: पायली, शेर, रांजण, घागर, मोट. प्रत्येक नावापुढे चार रकाने करावेत: कोणत्या गावचे, कोणाच्या आठवणीतले, कशासाठी वापरत, आणि मोजता आले तर किती. दोन मुलांच्या यादीत एकच नाव दोन आकारांना आलेले दिसेल, तेव्हा कोण चुकले असे न विचारता दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत, आणि फरक गावाचा आहे, काळाचा आहे की वापराचा, हे मुलांनाच शोधू द्यावे. त्यानंतर बल, कार्य, शक्ती हे विज्ञानातील शब्द शिकवायला घ्यावेत. हे शब्द मुले व्यवहारात वेगळ्याच अर्थांनी वापरत असतात. नाव तेच असले तरी विज्ञानात त्याखालची वस्तू वेगळी आहे, हे त्यांना मग फारसे समजावून सांगावे लागणार नाही.